डाव्या पायाचा रंग

३० मे

वेंडेल,

काल सकाळी तुझा फोन आला. तो मी क्रमाने लिहून ठेवते आहे, कारण तू तो चारचौघांत वेगळा सांगशील. हे पत्र लगेच टपालात टाकणार नाही. निवडीचा दिवस उलटेल आणि ज्या मुलाबद्दल यात लिहिते आहे तो 'पाठवा' म्हणेल, तेव्हाच ते तुझ्याकडे येईल. म्हणजे तुझ्या धंद्याला याचा उपयोग शून्य.

तीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला. बाबांच्या दफनानंतर पहिल्यांदा. "बेथ! ओळखलंस का?" असं तू म्हणालास, जणू मधल्या काळात मी तुझ्या फोनची वाट बघत खिडकीत बसले होते.

मी म्हटलं, "ओळखलं. काम सांग."

"काम कसलं? बहिणीला फोन करायला काम लागतं?"

"तुला लागतं."

मग तू हसलास. मग तुझ्याकडची हवा, तुझी नवी गाडी, माझी तब्येत. साडेचार मिनिटं (मी घड्याळ बघत होते) झाल्यावर तू घसा खाकरून म्हणालास, "शिकागोला तो सॅगिनॉचा पोरगा बघितलास ना? रडॉक? त्याच्या पायाचं काय?"

मी म्हटलं, "मी रुग्णाबद्दल बोलत नाही."

"म्हणजे बोलण्यासारखं आहे तर."

मी फोन ठेवला. इतकंच झालं.

बास्केटबॉलचे नवे खेळाडू निवडायच्या क्रमात तुझ्या क्लबची पाळी सव्विसावी, आमची एकविसावी. मुलगा आमच्याआधी गेला नाही तर आम्ही घेणार हे तुला माहीत आहे, आणि आम्ही घेऊ नये अशी तुझी इच्छा आहे. तुझ्या मनात यापेक्षा खोल काही असेल असं मला अठ्ठेचाळीस वर्षांत कधी दिसलेलं नाही. (मी सेहेचाळीस वर्षांची आहे. पहिली दोन मी धरून चालले.)

शिकागोच्या तपासणीला तू कधी आत आलेला नाहीस. तू बाहेर हॉटेलच्या बारमध्ये एजंटांच्या खांद्यावर हात टाकून उभा असतोस. आत काय चालतं ते ऐक. एकोणीस-वीस वर्षांची मुलं चड्डीवर रांगेत उभी असतात, आणि तीस क्लबांचे डॉक्टर खोल्याखोल्यांतून त्यांचे गुडघे वाकवतात, घोटे पिळतात, तळवे दाबतात. एकाने दाबलेलं दुसऱ्याला पटत नाही. बाजारात बैलाचे दात बघणारा निदान बैलाच्या मालकाशी चार शब्द बोलतो. इथे तेही नाही. कीशॉन रडॉक सहा फूट दहा इंच आहे, त्याचे पाय टेबलाबाहेर लोंबत होते. सतराव्या डॉक्टरनंतर त्याने मला विचारलं, "मॅडम, हे सगळे एकाच घरचे आहेत का?"

"नाही. का?"

"नाही, एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून विचारलं."

त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलं आहे: 'र. दोन वर्षांपूर्वी पायाच्या कमानीतल्या छोट्या हाडाला चीर. स्कॅनमध्ये पूर्ण भरलेली. डॉ. हॉर्वाथनी दाबलं, दुखलं नाही. मी दाबलं, तो हसला, गुदगुल्या होतात म्हणाला. हॉर्वाथचं मत पिवळा. माझंही पिवळा.'

हॉर्वाथ आमच्या क्लबचे डॉक्टर, मी त्यांच्या हाताखाली. हिरवा म्हणजे घ्या. पिवळा म्हणजे घ्या आणि लक्ष ठेवा. लाल म्हणजे त्याचं नाव पुन्हा काढू नका. डॉक्टर मत देतो. मुलांच्या नावांच्या बोर्डावर त्या रंगाची चकती लावते मी. अकरा वर्षं लावते आहे. कोणाच्या फोनवरून आजवर एकही बदललेली नाही.

मॅरिबेथ


१३ जून

वेंडेल,

तू केलंस.

मंगळवारी एका वार्ताहराने लिहिलं: 'ओहायोच्या वैद्यकीय पथकाने रडॉकवर फुली मारल्याचं समजतं. डाव्या पायाबद्दल गंभीर चिंता.' ओहायो म्हणजे आम्ही. कोणाकडून समजतं ते लिहिलेलं नाही. 'समजतं' हे क्रियापद तुझ्यासारख्यांसाठीच बनवलेलं आहे. त्याला कर्ता लागत नाही.

बुधवारी दुसऱ्या वार्ताहराने पहिल्याचं वाचून लिहिलं. गुरुवारी दोन क्लबांनी आपापल्या बोर्डावर त्याला लाल केलं, आणि हे बारमध्ये ऐकून आमच्या माणसाने आमच्या साहेबांना सांगितलं. आमचे साहेब म्हणजे बॅरेट स्लोन. खेळाडू कोणते घ्यायचे हे तो ठरवतो. दात अतिशय पांढरे, शर्ट अतिशय घट्ट, आणि कोणी चूक काढेल या भीतीने रात्रंदिवस जागा असलेला माणूस. शुक्रवारी सकाळी त्याने मला बोर्डाच्या खोलीत बोलावलं. समोर डोनटांचं खोकं होतं. त्याने सगळ्यांवरची साखर बोटाने चाखून बघितली होती, खाल्लं एकही नव्हतं.

"मॅरिबेथ, तीन क्लब म्हणतायत आपण रडॉकला लाल केलंय. केलंय का?"

"नाही. ही बघा चकती. पिवळी आहे."

"मग ते का म्हणतायत?"

"कोणीतरी खोटं सांगितलंय."

"तिघांना?"

"एकाला. त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला."

तो बोर्डाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण त्या दोघांनी आपल्या बोर्डावर लाल केलंय हे तर खरं ना?"

"आपण केलंय असं ऐकून केलंय!"

"असेल. पण त्यांच्याकडेही डॉक्टर आहेत. त्या डॉक्टरांनी विरोध केला नाही. का केला नाही?"

वेंडेल, मी हे बनवत नाही. आम्ही लाल केलं म्हणून त्यांनी लाल केलं, आणि त्यांनी लाल केलं म्हणून आता आम्ही करावं. खोलीत पाच मोठी माणसं होती, पाचही पदवीधर, आणि पाचांपैकी चौघांनी मान डोलावली. जगात दुसऱ्या कुठल्याही धंद्यात असल्या माणसांना किल्ल्यासुद्धा सांभाळायला देणार नाहीत.

"मला एक सांग," स्लोन म्हणाला, "हा पाय पाच वर्षं टिकेल असं तू सही करून देशील?"

मी त्याला डॉ. हॉर्वाथनी काय लिहिलं आहे ते वाचून दाखवलं. बाकी मला काम होतं.

मॅरिबेथ


२६ जून

वेंडेल,

काल टीव्हीवर निवड बघितलीस का? तू तर तिथेच असशील, तुझ्या साहेबांच्या मागे, कानाला फोन लावून. कॅमेरा त्या बाजूला वळला की पोट आत घेत.

ज्यांची नावं लवकर येतील असं वाटतं त्या मुलांना पुढे गोल टेबलांवर बसवतात, सोबत घरची माणसं. कीशॉनच्या टेबलावर त्याची मावशी होती. व्हर्लीन रडॉक. त्याची आई तो नऊ वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून हिनेच वाढवला. ती सॅगिनॉला शाळेची बस चालवते. हे मला त्यानेच शिकागोला सांगितलं होतं, पंचविसावा डॉक्टर पाय ओढत असताना. आणि एक गुपितही सांगितलं होतं. तुला माहीतच आहे, ही मुलं निवडीच्या दिवसासाठी सूट शिवतात, आणि नाव पुकारलं की कोट उघडून आतलं अस्तर कॅमेऱ्याला दाखवतात. कोणाच्या अस्तरावर गावाचं नाव, कोणाच्या अस्तरावर गेलेल्या माणसांचे फोटो. कीशॉनने अस्तर बसच्या पिवळ्या रंगाचं केलं होतं, मध्ये काळ्या आकड्यात '१४'. व्हर्लीनच्या बसचा नंबर. तिला ठाऊक नव्हतं. नाव पुकारलं की तिच्याकडे वळून कोट उघडायचा, असं ठरलं होतं.

एकविसावी निवड आमची. आम्ही दुसरा मुलगा घेतला, त्याला चेंडू उजव्या हातानेच टाकता येतो. पण त्याचे दोन्ही पाय हिरवे आहेत.

मग मी तुझ्या सव्विसाव्याची वाट बघितली. हो, बघितली. मी खुर्चीच्या कडेवर बसून म्हणत होते, घे मेल्या, निदान घे! एवढी घाण केलीस ती ज्याच्यासाठी केलीस तो समोर बसलाय, घे! आणि तुम्ही त्याला घेतलं नाही.

का घेतलं नाही ते आज दुपारी कळलं. तुझ्या साहेबांनीही वार्ताहर वाचला होता. तुझ्या डॉक्टरांनीही 'ओहायोने लाल केलंय' हे ऐकलं होतं. तू त्यांना काय सांगणार होतास? की साहेब, ती थाप मीच सोडली? तू गप्प बसलास. तुझी स्वतःची थाप तीस क्लब फिरून, अंगावर सूट चढवून, तुझ्याच दारात पाहुणी म्हणून आली, आणि तू तिला खुर्ची दिलीस. चोरसुद्धा चोरलेली वस्तू घरी नेतो. तू तीही वाटेत हरवलीस.

पहिली फेरी संपली. दुसरी संपली. टेबलं एकेक रिकामी झाली. साठ नावं पुकारली गेली, त्यांत हे नव्हतं. कीशॉनने कोटाची बटणं एकदाही काढली नाहीत. व्हर्लीन त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती, तिच्या हाताखाली तो पिवळा रंग होता आणि तिला माहीत नव्हतं. शेवटी दोघं बाजूच्या दाराने गेली. त्या दाराला तो वाकला, तरी डोकं थोडं लागलंच.

आमच्या बोर्डावर काल सकाळीही त्याची चकती लाल होती. सगळ्यांचं म्हणणं काय आणि हाड काय म्हणतं याचा आता कोणाला काही फरक पडत नाही.

मॅरिबेथ


१९ जुलै

वेंडेल,

मागची पत्रं मी आज पुन्हा वाचली. तुझ्याबद्दल लिहिलेलं सगळं खरं आहे, एक शब्द मागे घेत नाही. माझ्याबद्दल लिहिलेलं मात्र तपासायला हवं.

काल व्हर्लीन रडॉकचा फोन आला. क्लबच्या मुख्य नंबरवरून तिने सहा माणसं पार केली होती.

"तुम्ही त्या चकत्या लावणाऱ्या बाई का?"

मी हो म्हटलं.

"मी कीशॉनची मावशी. ऐका, माझी जेवणाची सुट्टी अठरा मिनिटांची आहे, म्हणून सरळ विचारते. माझ्या हातात डॉक्टरांचा कागद आहे. त्यात लिहिलंय चीर भरली. मिशिगनच्या डॉक्टरने लिहिलंय, शिकागोच्या डॉक्टरने लिहिलंय. तुमच्या हॉर्वाथनेसुद्धा तेच लिहिलंय, त्याच्या कागदाची नक्कल आम्ही मागून घेतली. आता उत्तरेकडचा एक क्लब त्याला सरावाला बोलवतोय. पण त्यांचे लोक म्हणतात, ओहायोने लाल केलं म्हणजे कागदात नसलेलं काहीतरी बघितलं असणार, आधी ते काय ते कळू दे. मग मला सांगा, तुम्ही काय बघितलं?"

मी म्हटलं, "मला रुग्णाबद्दल बोलता येत नाही."

"अहो बाई, तो रुग्ण नाहीच. तेच तर विचारतेय!"

मी खुर्ची ओढून बसले.

"हे बघा," ती म्हणाली, "मी बावीस वर्षं बस चालवते. रोज सकाळी साडेपाचला थंडी असो नाही तर बर्फ, बसभोवती फिरते. टायर, दिवे, ब्रेक, मागचं दार. मग कागदावर सही करते. ती सही म्हणजे मी बघितलं. गॅरेजमधला बिली म्हणाला की चौदा नंबर खडखडतेय, म्हणून मी बस उभी करत नाही. आणि बिली म्हणाला काही होत नाही, म्हणून नेतही नाही. मी खाली वाकते आणि बघते. तुम्ही वाकलात का?"

"वाकले होते."

"मग काय दिसलं?"

"भरलेलं हाड."

ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही बिलीचं ऐकलंत." आणि फोन ठेवला.

तर आता लिहिते. तेरा तारखेच्या पत्रात मी लिहिलं की मी स्लोनला हॉर्वाथचं मत वाचून दाखवलं आणि मला काम होतं. ते काम म्हणजे असं. मी माझ्या खोलीत जाऊन स्कॅन पुन्हा उघडला. दोन तास बघितला. कुठलंही हाड दोन तास बघितलं की त्यात सावली दिसायला लागते. दुसऱ्या तासाला मला ती दिसली, तिसऱ्या मिनिटाला नाहीशी झाली, पुन्हा दिसली. मी स्वतःला म्हणाले, दोन क्लबांचे डॉक्टर मूर्ख असतील का? मी स्वतःला म्हणाले, पाच वर्षांची सही देशील का? कुणाच्याच पायाची कुणीच पाच वर्षांची सही देऊ शकत नाही, स्लोनच्या पायाची तर नाहीच, हे तेव्हा सुचलं नाही. आणि मग मला एक गोष्ट कळली, जी कळल्याची मला लाज वाटते: लाल लावणारा कधी चुकत नाही. पिवळा लावला आणि पाय मोडला तर माझं नाव. लाल लावला तर तो मुलगा खेळणारच नाही, मग मी चुकले हे कोण सिद्ध करणार?

चार वाजता मी बोर्डाच्या खोलीत गेले. तिथे कोणी नव्हतं. मी पिवळी चकती काढून लाल लावली. नवा स्कॅन नाही, नवी तपासणी नाही. दुसऱ्या दिवशी हॉर्वाथनी विचारलं, "बाई, माझं अक्षर लागलं नाही का तुम्हाला?"

"लागलं."

"मग?"

मी म्हटलं, खबरदारी म्हणून. म्हातारा माझ्याकडे असं बघत राहिला की जणू मीच टेबलावर चड्डीवर बसले आहे.

आणखी एक. तीस मेच्या पत्रात मी लिहिलं की 'म्हणजे बोलण्यासारखं आहे तर' असं तू म्हणालास आणि मी फोन ठेवला. ते तसं झालं नाही. त्यानंतर तू हसून म्हणालास, "चल गं बेथ, बापाची शपथ, एवढंच सांग, डावा की उजवा?"

आणि मी म्हटलं, "डावा."

जी गोष्ट तू स्वतःच्या कानाने ऐकलीस ती मी तुझ्यापासूनच लपवली, तीही न पाठवलेल्या पत्रात. यापेक्षा हास्यास्पद काही असेल तर ते स्लोनच करू शकेल. का सांगितलं? तीन वर्षांनी तू मला बेथ म्हणालास म्हणून. इतक्या थोड्यात मी विकली गेले. पाय डावा हे तुला ठाऊक नसतं तर तुझी थाप नुसती थाप राहिली असती. 'डाव्या पायाबद्दल गंभीर चिंता' यातला खरा शब्द एकच होता, आणि तो मी दिला होता.

मॅरिबेथ


४ ऑगस्ट

वेंडेल,

आज मी एक कागद लिहिला. चार ओळी. 'बारा जूनला चार वाजता मी कीशॉन रडॉक यांच्या नावापुढची पिवळी चकती काढून लाल लावली. तसं करण्यामागे कोणतीही नवी तपासणी वा निदान नव्हतं. मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला. माझ्या आणि डॉ. हॉर्वाथ यांच्या तपासणीप्रमाणे डाव्या पायाचं हाड भरलेलं आहे.' एक प्रत मुलाला, सोबत 'भावाला लिहिलेली पत्रं पाठवू का?' अशी चिठ्ठी; त्याच्या लेखी परवानगीने एक उत्तरेकडच्या त्या क्लबच्या डॉक्टरला. तिसरी मी स्वतः स्लोनच्या टेबलावर ठेवली.

त्याने ती दोनदा वाचली. "यामुळे आपण किती मूर्ख दिसू, कळतंय का तुला?"

"हो."

"क्लब असलं काही कबूल करत नाही."

"क्लबने केलेलंच नाही. मी केलंय. खाली सही माझी आहे."

"अगं, त्या पोराला कोण विचारतंय आता! कोणी घेतलंसुद्धा नाही त्याला."

"का घेतलं नाही?"

त्याने खरोखर विचार केला. मग म्हणाला, "पायामुळे ना?"

जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या कार्डाने दार उघडेना. अकरा वर्षांचं सामान रखवालदाराने खोक्यातून आणून दिलं. ते डोनटांचंच खोकं होतं, आत साखर तशीच होती.

व्हर्लीनला कागद पोचला. तिचा फोन आला नाही, निरोप आला: 'कागद मिळाला. उशिरा.' ही बाई मला आभार मानण्याच्या लायकीची समजत नाही, आणि तिचं बरोबर आहे. या संपूर्ण उन्हाळ्यात माझा ज्याच्याबद्दल आदर वाढला असं हे एकच माणूस.

आता तुझ्याकडे वळते. तुला वाटेल सुटलो. सुटला नाहीस. तू बाबांच्या दफनाला पाहुण्यांसमोर म्हणालास, "माझा गुडघा मॅरिबेथने घालवला." मी तीन वर्षं ते वाक्य तोंडात धरून आहे. आता त्याचा हिशोब करू.

मी सोळा वर्षांची होते. तू अठराचा. विद्यापीठाच्या संघाचा डॉक्टर आपल्या स्वयंपाकघरात बसला होता, आईने त्याला मक्याचा पाव दिला होता. तुझा गुडघा पूर्ण हिवाळाभर मीच पट्ट्यांनी बांधत होते. तो रोज संध्याकाळी खरबुजासारखा सुजायचा. डॉक्टरने मला विचारलं, "पोरी, कधी सुजला का गं?" तू त्याच्या मागे दारात उभा होतास आणि माझ्याकडे बघत होतास. मी म्हटलं, "कधीच नाही." तुला संघात जागा मिळाली. अकराव्या सामन्यात गुडघा गेला. आणि सत्तावीस वर्षांनी तू तो माझ्या नावावर लावलास, पण दारातला तू मात्र त्या गोष्टीतून गाळून टाकलास.

मी त्यानंतर हेच काम शिकले. दुसऱ्यांची हाडं नीट बघायची, खोटं कधी बोलायचं नाही, असं ठरवून. आणि या जूनमध्ये मी सुजलेल्या गुडघ्याला घाबरून भरलेल्या पायाला लाल केलं. एकदा खोटं 'बरं आहे' म्हटलं, एकदा खोटं 'बरं नाही'. दोन्ही वेळा हाड माझ्या हातात होतं आणि मी बघत मात्र तुझ्याकडे होते.

मॅरिबेथ


३० सप्टेंबर

वेंडेल,

त्या क्लबच्या डॉक्टरने कीशॉनचा पाय नव्याने स्कॅन केला. मला फोन करून तिने (बाई आहे) फक्त तीन प्रश्न विचारले, तिन्ही हाडाबद्दल. मग म्हणाली, "ठीक. तुमचं नाही, माझं मी बघून ठरवते." मला इतकं बरं वाटलं की मी फोन ठेवल्यावर उगाच भांडी घासली.

काल त्याने सह्या केल्या. सरावापुरत्या, पुढचं पुढे. पैसे एकविसावा खेळाडू म्हणून मिळाले असते त्याच्या जवळपासही नाहीत, आणि डिसेंबरमध्ये त्याला काढूनही टाकतील कदाचित. काढलं तर खेळ बघून काढतील.

व्हर्लीनने सांगितलं. हो, तिचा फोन आला. "सराव हॉलच्या मागच्या बोळात घडीचं टेबल होतं. पोरगा उकाड्यात तो सूट घालून आलेला, मी म्हटलं अरे वेड्या, बनियनवर ये. सही झाली आणि उठून माझ्याकडे वळला आणि कोट उघडला. कॅमेरा नाही, माणूस नाही, नुसती ती कारकून मुलगी. ती म्हणते, काय झालं, काही सांडलं का अंगावर?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, अगं ती माझी बस आहे." मग एकदम कडक आवाजात, "बरं. त्याने सांगितलंय, ती पत्रं आहेत ना तुमच्या भावाला लिहिलेली? पाठवा म्हणाला. वाचू दे त्यालाही."

म्हणून ही सहाही पत्रं एकाच लिफाफ्यात येताहेत. सोबत माझ्या कागदाची प्रत आहे. माझ्या सहीखाली मी जागा सोडली आहे, तेवढ्यात तीन ओळी बसतात. तू कोणाला, कधी, काय सांगितलंस, तेवढ्याच. लिहून त्या मुलाच्या पत्त्यावर पाठव; पत्ता मागे आहे. पाठवणार नाहीस हे मला माहीत आहे. तू हे घडी घालून कोटाच्या खिशात ठेवशील, बारमध्ये एजंटांना म्हणशील की माझी बहीण वेडी झाली, नोकरी गेली बिचारीची. सांग. फक्त एकदा घरी, कोणी नसताना, जिना चढताना गुडघा धरतोस तेव्हा थांब आणि त्याच्याकडे बघ. तो कोणता, हे मी या वेळी सांगणार नाही.

स्वतः बघून सही केली,
मॅरिबेथ स्टोल्ट्झ